व्हिसाला किती दिवस लागतील? सरकारी मुदतीचा आकडा वाचून बेत कसा आखायचा

परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे तारखा आधी पक्क्या होतात आणि अर्ज नंतर भरला जातो. लेकीच्या बाळंतपणाची तारीख, मुलाच्या कॉलेजचा पहिला दिवस, नवऱ्याची तिकडच्या कंपनीत रुजू होण्याची तारीख. मग कुणीतरी मोबाइलवर त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ उघडतं. तिथं ‘३ आठवडे’ किंवा ‘६० दिवस’ असं काहीतरी दिसतं. त्यात आठवडाभर वरचा धरला जातो आणि विमानाचं तिकीट काढलं जातं. पुढच्या काही महिन्यांत घराची झोप उडते ती बहुतेकदा या हिशेबामुळे.

गेल्या काही वर्षांत आमच्या घरातून कॅनडा, ब्रिटन, शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि अमेरिका अशा चारही ठिकाणी अर्ज गेले. शिवाय सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या अनेकांचे कागद मी त्यांच्याबरोबर बसून लावले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. संकेतस्थळावरचा आकडा खोटा नसतो, पण प्रत्येक देश त्या आकड्यात वेगळीच गोष्ट मोजतो. ती कुठली हे कळलं की बेत नीट आखता येतो आणि एजंटाच्या ‘ताई, पंधरा दिवसांत करून देतो’ला भुलायची वेळ येत नाही.

नियम, शुल्क आणि मुदती बदलत राहतात. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून पाहाच. पत्त्याचा शेवट तपासा: ब्रिटनचा ‘गव्ह डॉट यूके’, कॅनडाचा ‘कॅनडा डॉट सीए’, अमेरिकेचा ‘डॉट गव्ह’. शोधयादीत सगळ्यात वर दिसणारी ‘जाहिरात’ लिहिलेली संकेतस्थळं सरकारी वाटतात, पण बऱ्याचदा ती खासगी असतात आणि जास्तीचे पैसे घेतात.

## १. आकडा नेमका कशाचा आहे ते ओळखा

सगळा गोंधळ इथं सुरू होतो, म्हणून या पायरीला वेळ द्या. मुदतीचे आकडे ढोबळमानाने चार प्रकारचे असतात.

झालेल्या कामाचा हिशेब. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे बरेच आकडे असे असतात. समजा, तिथं ‘८ आठवडे’ लिहिलंय. याचा अर्थ, नुकत्याच निकाली निघालेल्या दर १०० अर्जांपैकी ८० अर्ज आठ आठवड्यांच्या आत संपले. उरलेल्या २० जणांना जास्त वेळ लागला. किती जास्त, ते हा आकडा सांगत नाही. काही प्रकारांत कॅनडा आता पुढचा अंदाज देतो: रांगेत किती अर्ज आहेत आणि ते कुठल्या वेगाने निघतील यावरून. कुठला आकडा कसा काढलाय ते त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं, ते वाचा. अमेरिकेत दाखल होणाऱ्या पिटिशनसाठी, म्हणजे तिथल्या नातेवाइकाने किंवा कंपनीने तुमच्यासाठी केलेल्या अर्जासाठी, तिथलं खातंही गेल्या सहा महिन्यांत ८० टक्के प्रकरणं किती काळात निघाली ते देतं. ऑस्ट्रेलिया दोन आकडे दाखवतो: अर्धे अर्ज किती दिवसांत निघाले आणि ९० टक्के किती दिवसांत. ऑस्ट्रेलियाचं पान पाहताना नजर ५० टक्क्यांच्या आकड्यावर थांबते, कारण तो लहान असतो. बेत मात्र ९० टक्क्यांच्या आकड्यावर आखायचा.

खात्याने स्वतःला घातलेलं लक्ष्य. ब्रिटनचं असं आहे. ब्रिटनबाहेरून केलेल्या व्हिजिटर, स्टुडंट आणि स्किल्ड वर्कर अर्जांना साधारण ३ आठवडे आणि जोडीदाराच्या फॅमिली व्हिसाला १२ आठवडे असं ते सांगतात. बरेच अर्ज या वेळेत होतात. पण अर्ज गुंतागुंतीचा वाटला, आधीचा नकार असला किंवा कागद पडताळायला पाठवले, तर हे लक्ष्य तुमच्या अर्जाला लागू राहत नाही.

कायद्यातली मर्यादा. शेंगेन देशांचा व्हिसा नियमच सांगतो की, ग्राह्य अर्ज दाखल झाल्यापासून १५ कॅलेंडर दिवसांत निर्णय, आणि अधिक तपासणी लागली तर जास्तीत जास्त ४५ दिवस. पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, दुसरा फार थोड्यांना माहीत असतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी.

नुसती रांग. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसात खरा वेळ जातो तो मुलाखतीची तारीख मिळण्यात. तो आकडा शहरानुसार वेगळा असतो. मुंबईचा वेगळा, चेन्नईचा वेगळा. तात्पुरत्या व्हिसासाठी भारतात कुठल्याही अमेरिकन कॉन्सुलेटला अर्ज करता येतो, त्यामुळे हैदराबाद किंवा कोलकात्याची तारीख लवकरची असेल तर रेल्वेचं तिकीट काढून जाणारे मुंबईकर पुष्कळ आहेत. ग्रीन कार्डाच्या बाबतीत रांग आणखी वेगळी. तिथं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ निघतं आणि तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, त्यातल्या तारखेपर्यंत पोचली की मगच पुढचं काम सुरू होतं. अमेरिकन नागरिक असलेल्या भावा-बहिणीने केलेल्या पिटिशनला भारतीयांसाठी दीड दशकाहून जास्त वाट पाहावी लागते. ‘भावाने पेपर टाकलेत, दोन वर्षांत जाऊ’ असं कुणी सांगितलं, तर त्यांना प्रेमाने व्हिसा बुलेटिन उघडून दाखवा. खोट्या आशेवर घरं विकायला काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ मुदतीसाठी पाहू नका. कॅनडाच्या ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’मध्ये २० दिवसांत निर्णय मिळतो असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात, पण ती सोय ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली.

## २. मोजणी कोणत्या दिवसापासून, ते पाहा

ऑनलाइन पैसे भरले की मोजणी सुरू झाली, असं आपण धरतो. तसं नसतं.

ब्रिटनचे ३ आठवडे बायोमेट्रिक्स दिल्यावर, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर सुरू होतात. अर्ज १ जुलैला भरला आणि अपॉइंटमेंट १४ जुलैची मिळाली, तर मोजणी १४ पासून.

कॅनडाची मोजणी पूर्ण अर्ज पोचल्यापासून निर्णय होईपर्यंतची. ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्या. एखादं पान किंवा सही राहिली तर अर्ज परत येऊ शकतो. व्हिजिटर व्हिसाच्या आकड्यात बायोमेट्रिक्स द्यायला तुम्हाला लागणारा वेळ धरलेला नसतो. बायोमेट्रिक्सचं पत्र आल्यावर ३० दिवसांत ते द्यायचे असतात, पण तीस दिवस आहेत म्हणून थांबू नका. पत्र आल्या दिवशीच अपॉइंटमेंट घ्या. हे ठसे १० वर्षं चालतात. आधी दिले असतील तर कधी दिले ते तपासा. ७९ वर्षांवरच्या आजी-आजोबांना आणि १४ वर्षांखालच्या मुलांना ते द्यावे लागत नाहीत.

मंजुरी म्हणजे पासपोर्टवर व्हिसा नव्हे, हेही कॅनडाच्या बाबतीत ध्यानात ठेवा. मंजुरीनंतर पासपोर्ट केंद्रात जमा करायचा, त्यावर व्हिसा लागून तो परत यायचा, हा काळ वेगळा.

शेंगेनमध्ये केंद्रातून फाइल कॉन्सुलेट किंवा दूतावासात जाण्याचे आणि परत येण्याचे दिवस वर धरा.

दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे, तेही पाहा. ब्रिटनच्या प्रायॉरिटी सेवेचे (जास्त पैसे भरून लवकर निर्णय) ५ दिवस कामकाजाचे असतात. आपली १५ ऑगस्टची, गणपतीची, दिवाळीची सुट्टी आणि त्यांची नाताळची सुट्टी अशा दोन्हीकडच्या सुट्ट्या या हिशेबात येतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नव्या वर्षापर्यंतचे दिवस मी मोजतच नाही.

## ३. मुंबईतल्या कागदांना लागणारा वेळ वेगळा धरा

या वेळेचा आकडा कुठल्याही परदेशी संकेतस्थळावर मिळणार नाही. आणि बहुतेकांची गाडी इथंच अडते.

पासपोर्ट. आधी मुदत पाहा. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा. कॅनडाचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा मिळत नाही, त्यामुळे दीड वर्ष उरलेल्या पासपोर्टवर अर्ज केला तर दहा वर्षांचा व्हिसा मिळण्याची संधी जाते. आधी नूतनीकरण करा. लोअर परळ, अंधेरी, मालाड, ठाणे यांपैकी जिथली अपॉइंटमेंट लवकर मिळेल ती घ्या. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वरचे २,०००. पोलीस पडताळणीसाठी चौकीतून फोन येतो तेव्हा घरी कुणी नसलं की आठवडा जातो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणी झालेला भाडेकरार हाताशी ठेवावा.

नावं. यावर जरा थांबते, कारण मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. मुंबई विद्यापीठाच्या कागदांवर आईचं नावही ओळीत येतं. आधारवर एक क्रम, पॅनवर दुसरा, बँकेत नुसती आद्याक्षरं. परदेशातला अधिकारी हे सगळं एकाच माणसाचं आहे हे आपोआप समजून घेईल, असं धरून चालू नका. शंका आली की तो कागद मागवतो, आणि मागवलेला कागद पोचेपर्यंत तुमचा अर्ज तिथंच थांबतो.

उपाय असा. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मधलं नाव असेल तर तेही. बाकी कागदांवरचे फरक एका कागदावर लिहून काढा. मग ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेलच. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ते मिळतं. लग्नाला तीस वर्षं झाली आणि नोंदणीच केली नाही, अशी जोडपी आपल्याकडे भरपूर आहेत. ती नोंदणी आजही करता येते, पण साक्षीदार, पुरावे आणि अपॉइंटमेंट जमवायला वेळ जातो. नाव पूर्णच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रत जोडा.

मराठी कागदांचं भाषांतर. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुनं जन्मपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. कॅनडाला अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेलं भाषांतर चालत नाही. ब्रिटनला भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं त्याचं विधान लागतं. भाचीचं इंग्रजी चांगलं आहे म्हणून तिच्याकडून करून घेऊ नका.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हे नसल्याचं प्रमाणपत्र. स्थायिक होण्यासाठी किंवा काही देशांत नोकरीसाठी हे लागतं. पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवरून अर्ज, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असला की पडताळणी लांबते. तुम्ही दुबई, मस्कत अशा ठिकाणी सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) तिथलंही प्रमाणपत्र लागू शकतं. ते मिळवायला आपल्यापेक्षा जास्त दिवस लागतील असं धरून आधी तिथून सुरुवात करा.

वैद्यकीय तपासणी. कॅनडासाठी त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे करायची; निकाल १२ महिने चालतो. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना मान्यताप्राप्त दवाखान्यातून टीबीची चाचणी लागते. प्रमाणपत्र ६ महिने चालतं. घरच्या डॉक्टरांचं पत्र किंवा जवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. फार लवकर केली तर मुदत संपते आणि उशिरा केली तर तिच्यापायी अर्ज अडतो.

विद्यापीठाचे कागद. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत पत्रकासाठी, कलिन्याच्या खेपा गृहीत धरा. निकालाच्या आणि प्रवेशाच्या हंगामात गर्दी वाढते.

## ४. जवळ काय काय असावं

देशानुसार यादी बदलते, पण मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला हे लागतंच:

- चालू पासपोर्ट आणि सगळे जुने पासपोर्ट. जुन्या व्हिसांची पानं स्कॅन करून
- त्या देशाच्या मापाचा नवा फोटो
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह
- गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरदारांचा फॉर्म १६
- ऑफिसचं रजामंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद
- धंदा असेल तर गुमास्ता परवाना आणि जीएसटी नोंदणी
- घराचे कागद किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट
- बोलावणाऱ्याचं पत्र, त्याच्या तिथल्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा
- नातं दाखवणारे कागद: जन्माचा दाखला, विवाह प्रमाणपत्र
- शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा

खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचं एका ओळीचं स्पष्टीकरण आणि पुरावा जोडा. ठेव मोडली, जमीन विकली, भावाने पाठवले, जे असेल ते खरं लिहा. हा प्रश्न विचारला जाईल हे जवळजवळ नक्की असतं, आणि उत्तर आधीच दिलं तर पत्रव्यवहाराचा वेळ वाचतो.

सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा आणि फाइलचं नाव इंग्रजीत, कागदाचं नाव कळेल असं द्या. पन्नास पानांत ‘स्कॅन ००१७’ शोधणं अर्ज पाहणाऱ्यालाही जड जातं.

## ५. तारखेपासून मागे मोजा

दोन उदाहरणं घेऊ.

मुलगी कॅनडात आहे, बाळंतपणाची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. आईला नोव्हेंबरच्या मध्यात पोचायचंय. तर मे महिन्यात पासपोर्ट आणि नावांचे फरक तपासून घ्या. जूनमध्ये बँक, आयकर, मुलीकडचं पत्र, तिच्या पगाराचे कागद आणि शक्य असेल तर डॉक्टरांचं प्रसूतीच्या तारखेचं पत्र गोळा करा. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज जाऊ द्या. संकेतस्थळावर चार आठवडे दिसले तरी हाच बेत ठेवा. लवकर अर्ज केल्याने काही बुडत नाही. हा व्हिसा अनेक वर्षांचा आणि अनेक फेऱ्यांचाही मिळू शकतो. आई-वडिलांना लांब मुक्काम करायचा असेल तर सुपर व्हिसाचा विचार करा. त्यात एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा, मुलाच्या किंवा मुलीच्या उत्पन्नाची अट आणि वैद्यकीय तपासणी लागते. म्हणजे तयारीलाच महिनाभर जास्त.

दुसरं उदाहरण ब्रिटनच्या मास्टर्सचं. अभ्यासक्रम सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. स्टुडंट व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण विद्यापीठाचं ‘कॅस’, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची त्यांची क्रमांकासह नोंद, आल्याशिवाय तो भरताच येत नाही. फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला हवा. या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, जिथून घराचा हप्ता किंवा विजेचं बिल कापलं जात नाही. पैसे जूनच्या सुरुवातीला खात्यात, टीबी चाचणी जूनअखेर, अर्ज आणि बायोमेट्रिक्स जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑगस्टमध्ये मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजचं पोर याच केंद्रांत उभं असतं, तेव्हा आपला नंबर आधी लागलेला बरा.

हातात व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. नोकरीचा राजीनामा देऊ नका. भाड्याचं घर सोडू नका. अर्जासाठी विमानाचा पुरावा लागलाच तर रद्द करता येणारं आरक्षण चालतं का ते त्या देशाच्या यादीत पाहा.

## ६. अपॉइंटमेंट आणि तो दिवस

बऱ्याच देशांचे अर्ज मुंबईत व्हीएफएससारख्या केंद्रांतून स्वीकारले जातात. केंद्राचं काम कागद घेणं, ठसे घेणं आणि पासपोर्ट पोचवणं एवढंच. निर्णय तिथं होत नाही. काउंटरवरच्या मुलीला ‘होईल ना हो?’ विचारून तिलाही अडचणीत टाकू नका. तिला माहीत नसतं.

केंद्रात प्रीमियम लाउंज विकलं जातं. त्यात बसायला जागा आणि कागद लावायला मदत मिळते, पण अर्जाचा निर्णय लवकर होत नाही. ब्रिटनची प्रायॉरिटी सेवा वेगळी; ती सरकारचीच आहे आणि तिच्यात निर्णयाची मुदत खरोखर कमी होते. पैसे कशाचे भरतोय ते पावतीवर वाचा.

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचं असेल तर शेंगेनचे स्लॉट फेब्रुवारीपासून बघायला लागा. इटलीला जायचंय आणि तारीख दुसऱ्याच देशाची मिळतेय म्हणून तिथं अर्ज करू नका. जिथं जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. स्लॉट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. रद्द झालेल्या तारखा संकेतस्थळावर पुन्हा दिसतात, सकाळ-संध्याकाळ पाहत राहिलं की मिळतात.

अमेरिकेसाठी दोन वेगळ्या भेटी असतात: आधी ठसे आणि फोटोसाठी अर्ज केंद्र, मग मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कॉन्सुलेट. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप यांपैकी काही नेता येत नाही. घरच्या कुणाला तरी बाहेर थांबवा किंवा फोन घरीच ठेवा. मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक झाल्यापासून तिथं पोचणं सोपं झालंय, पण पावसाळ्यात तासभर हाताशी ठेवूनच निघा. डीएस-१६० फॉर्मचा (अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) कन्फर्मेशन क्रमांक अपॉइंटमेंटवर आहे तोच आहे ना, हे आदल्या रात्री जुळवून घ्या.

## ७. वाट पाहताना

दिवसातून दहा वेळा स्टेटस पाहू नका, पण ईमेल मात्र रोज पाहा, स्पॅमसुद्धा. जास्तीचा कागद मागणारं पत्र ईमेलवर येतं आणि त्याला मुदत असते. एजंटाकडून अर्ज केला असेल तर ईमेल पत्ता तुमचाच द्या. एजंटाच्या पत्त्यावर पत्र आलं, त्याने पाहिलं नाही आणि मुदत गेली, असं नको व्हायला.

पासपोर्ट कुठं अडकणार ते आधी विचारात घ्या. कॅनडाच्या ऑनलाइन अर्जात मूळ पासपोर्ट मंजुरीनंतरच मागतात. शेंगेनला तो निर्णयापर्यंत त्यांच्याकडे राहतो. मध्ये ऑफिसच्या कामाला सिंगापूरला जायचं असेल तर शेंगेनचा अर्ज त्यानंतर करा.

या काळात पत्ता, नोकरी, लग्न, बाळ यांपैकी काही बदललं तर लगेच कळवा. लपवलेला बदल नंतर सापडला तर तो दिशाभूल म्हणून धरला जाऊ शकतो, आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षं पुरतात.

## ८. मुदत उलटली तर

आधी स्वतः तपासा: मोजणी योग्य दिवसापासून केलीत का, आणि त्या प्रकाराचा आजचा आकडा किती आहे? तुम्ही अर्ज केलात तेव्हा ८ आठवडे होते आणि आज १४ दिसत असतील, तर खातं तुम्हाला वाट पाहायलाच सांगेल.

तो काळही उलटला की अधिकृत वेबफॉर्मवरून एकदाच, नेमकं लिहा: अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, बायोमेट्रिक्सची तारीख, काय विचारायचंय. दर दोन दिवसांनी लिहिल्याने फाइल हलत नाही. अमेरिकेच्या पिटिशनसाठी तिथल्या संकेतस्थळावर पावतीची तारीख टाकली की चौकशी कधीपासून करता येईल ते दाखवतात.

कॅनडाच्या अर्जात नेमकं काय अडलंय ते हवं असेल तर फाइलमधल्या नोंदी, ज्यांना सगळे ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणतात, कॅनडातल्या नातेवाइकामार्फत ५ डॉलर शुल्क भरून मागवता येतात. उत्तर यायला महिनाभर किंवा जास्त लागतं. नकार आला असेल तर दुसरा अर्ज करण्याआधी त्या नोंदी जरूर वाचा.

अमेरिकेच्या मुलाखतीनंतर २२१(जी) चा कागद, म्हणजे आणखी कागद किंवा तपासणी बाकी असल्याची सूचना, हातात पडला तर घाबरू नका आणि त्याला नकार समजून तिथून निघूनही येऊ नका. त्यावर काय मागितलंय ते पाहा. कागद मागितले असतील तर सांगितलेल्या मार्गाने द्या. नुसती प्रशासकीय तपासणी असेल तर तिला ठरलेली मुदत नाही, आणि ती कुठल्याही ओळखीने लवकर होत नाही.

पहिल्या अर्जाचा निकाल लागायच्या आत दुसरा अर्ज टाकू नका. घरात खरोखर आणीबाणी असेल, म्हणजे गंभीर आजार किंवा मृत्यू, तर इस्पितळाचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला जोडून लवकर निर्णयाची विनंती करता येते.

आणि ‘एम्बसीत आपला माणूस आहे’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते. नोकरीसाठी आखातात पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. फसलेली माणसं लाजेने गप्प बसतात, म्हणून पुढचीही फसतात. तुम्ही फसला असाल तर पोलिसांत तक्रार करा आणि ओळखीपाळखीत सांगा.

## ९. पासपोर्ट हातात आल्यावर

केंद्रातून बाहेर पडण्याआधी पाकीट उघडा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत, एक फेरी की अनेक, हे सगळं वाचा. शेंगेनच्या स्टिकरवर दोन आकडे असतात: व्हिसा चालू असण्याच्या तारखा आणि प्रत्यक्ष राहता येतील ते दिवस. तारखा महिन्याभराच्या आणि दिवस १५ असतील, तर १५ च राहता येतं. ब्रिटनचा व्हिसा ई-व्हिसा असेल तर पासपोर्टवर काही दिसणार नाही. ऑनलाइन खातं उघडून त्यात चालू पासपोर्ट जोडलाय ना ते पाहा. कॅनडाच्या विद्यार्थ्यांना स्टिकरबरोबर मंजुरीचं पत्रही हवं, कारण स्टडी परमिट तिथल्या विमानतळावर ते पत्र पाहूनच देतात. ते छापून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

एखादं अक्षर जरी चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. दुरुस्तीलाही वेळ लागतो, म्हणून तिकीट ती झाल्यावरच काढा.